रिकामं चर्च, भरलेलं चर्च

जर्मन भाषेत ‘निष्ट्स’ म्हणजे ‘काहीच नाही’. जर्मन संगीतकार योहान सेबास्टिअन बाखचं ‘येझू, माइने फ्रॉइडं’ नावाचं एक मोटेट आहे. अनेक आवाजांच्या ओळी एकमेकींत गुंफून गायची धार्मिक रचना, तिला मोटेट म्हणतात. त्याच्या दुसऱ्या भागात हा ‘निष्ट्स’ लागोपाठ येतो आणि दर दोन ‘निष्ट्स’च्या मध्ये बाखने विराम लिहिला आहे. ‘आता काहीच नाही’, सगळे गप्प. ‘काहीच नाही’, पुन्हा सगळे गप्प. मग ‘दंडाला पात्र असं काहीच नाही’ हे वाक्य पूर्ण होतं. बायबलमधल्या, पौलाच्या रोमकरांस पत्रातलं हे वचन आहे आणि त्यातला दिलासा त्या गप्प बसण्यात आहे.

नोकरीनिमित्त जर्मनीत होते तेव्हा मी एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहाने गाणाऱ्या गटात, आल्टोच्या रांगेत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजांत, गायचे. हे मोटेट आम्ही एका जुन्या दगडी चर्चमध्ये रेकॉर्ड केलं. नोव्हेंबर महिना, रात्रीचे दहा वाजून गेलेले, कारण दिवसा रस्त्यावरच्या गाड्या आत ऐकू येतात. हीटिंगच्या पंख्याची घरघर माइक पकडतो म्हणून तेही बंद. अंगात कोट, हातात नोटेशन, तोंडातून वाफ. पहिला टेक झाला आणि साउंड इंजिनिअरने तो आम्हाला ऐकवला. बाखने जिथे शांतता लिहिली होती तिथे आमचाच मागचा ‘निष्ट्स’ गढूळ पाण्यासारखा भरून राहिला होता. आम्ही वेळेवर थांबलो होतो, चर्च थांबलं नव्हतं.

आमच्या संचालिका म्हणाल्या, “कार्यक्रमाच्या दिवशी असं होणार नाही. आज इथे माणसं नाहीत.”

तेव्हा मला हे नीट कळलं नव्हतं. नंतर वाचत गेले, मोजत गेले, तसं लक्षात आलं की जुन्या चर्च-संगीताच्या बहुतेक रेकॉर्डिंगमागची खरी झटापट याच एका गोष्टीशी असते. संगीत लिहिलं गेलं भरलेल्या चर्चसाठी आणि रेकॉर्ड होतं रिकाम्या चर्चमध्ये.

निनाद म्हणजे काय

शाळेच्या सहलीत विजापूरचा गोल घुमट पाहिला असेल तर तिथे मारलेली हाक आठवत असेल. आपलं नाव जरा वेळाने वेगळं परत येतं. तो प्रतिध्वनी. चर्चमध्ये सहसा घडतं ते वेगळं. भिंती, खांब, कमानी, छत, फरशी अशा सगळीकडून परतणारे आवाज इतके दाटीवाटीने येतात की कानाला ते सुटे लागत नाहीत. मूळ आवाजाला नुसती लांब शेपूट फुटते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला निनाद म्हणतात.

निनाद मोजायची रीत सोपी आहे. आवाज बंद केल्यावर तो ६० डेसिबलने उतरायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. घरातल्या खोलीत साधारण अर्धा सेकंद लागतो, चांगल्या संगीत सभागृहात दोनेक सेकंद. मोठ्या दगडी चर्चमध्ये पाच-सहा सेकंद सहज होतात आणि लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल रिकामं असेल तर दहाच्याही वर.

आता बाखचा तो विराम घ्या. समजा तो सेकंदभराचा आहे. निनाद सहा सेकंदांचा असेल तर आवाज दर सेकंदाला १० डेसिबल उतरतो, आणि १० डेसिबलने उतरलेला आवाज आपल्या कानाला साधारण निम्मा वाटतो. म्हणजे पुढचा शब्द सुरू होईपर्यंत मागचा शब्द निम्म्या जोराने वाजतोच आहे. तेच निनाद दोन सेकंदांचा असेल तर त्याच एका सेकंदात ३० डेसिबल उतरतात, म्हणजे निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा. तिथे विराम हा विराम वाटतो.

आपल्या गाण्यावरून विचार केला तर हे पटकन कळतं. घुमणाऱ्या देवळात विलंबित आलाप फार गोड लागतो, पण द्रुत तानेचे दाणे एकमेकांना चिकटतात. तरी आपल्या गाण्याला एक सोय आहे. तंबोऱ्याचा षड्ज शेवटपर्यंत तोच असतो, त्यामुळे मागचा स्वर थोडा रेंगाळला तरी तो रागाच्या घरातच असतो. बाखचं तसं नाही. खालची बेसची ओळ जवळजवळ दर ठोक्याला पाऊल टाकते आणि तिच्याबरोबर वरची सगळी स्वरसंगती, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा मेळ, बदलते. मागची संगती हवेत तरंगत असतानाच पुढची आली की न जुळणाऱ्या दोन गोष्टी एकदम ऐकू येतात. शिवाय दगड खालचे सूर फारसे शोषत नाही, त्यामुळे नेमका बेसच जास्त घुमतो. सगळ्यात हलती ओळ सगळ्यात जास्त गढूळ.

उघडी खिडकी आणि माणूस

हे गणित पहिल्यांदा मांडलं वॉलेस सेबिन या तरुण अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळेना, आणि दुरुस्तीचं काम त्याच्या गळ्यात पडलं. रात्रीच्या शांततेत तो शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून अंथरायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. सकाळी गाद्या परत. त्यातून त्याला दिसलं की निनाद दोनच गोष्टींवर ठरतो. जागेचं घनफळ किती आणि आत आवाज शोषणारं काय काय आहे. शोषण मोजायला त्याने माप घेतलं उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

साधा हिशेब करून पाहू. घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, शोषणाने भागा, सेकंद मिळतात. १०,००० घनमीटरचं रिकामं दगडी चर्च, निनाद सहा सेकंद. म्हणजे त्याच्या भिंती, फरशी, बाकं सगळी मिळून सुमारे २७० चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषतात. आता आत ४०० माणसं आणून बसवा. कपडे घातलेला एक माणूस ढोबळमानाने अर्धा चौरस मीटर शोषतो, म्हणजे आणखी २००. शोषण झालं ४७० आणि निनाद उतरला जेमतेम साडेतीन सेकंदांवर. एक वीटही न हलवता इमारत बदलली. गर्दीने दाटलेल्या हॉलमध्ये हे सगळे अनुभवतातच, पण इतक्या फरकाने होत असेल असं मला आकडेमोड करेपर्यंत वाटलं नव्हतं.

लाइपझिगचं लाकूड

बाख १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत लाइपझिगच्या थोमासकिर्शं, म्हणजे सेंट थॉमस चर्चच्या शाळेचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, होता. रविवारच्या संगीताची जबाबदारी त्याची. तेव्हाच्या त्या चर्चचं आतलं रूप डोळ्यांसमोर आणा. मार्टिन लूथरने केलेल्या धर्मसुधारणेनंतर उपासनेचा गाभा झाला होता लोकांच्या भाषेतलं प्रवचन. ते लांबलचक प्रवचन ऐकू यायला हवं, आणि गावाला बसायला जागा हवी. म्हणून गॉथिक दगडी सांगाड्याच्या आत लाकडी सज्जे चढले, प्रतिष्ठित घराण्यांच्या लाकडी बैठका आल्या. पातळ लाकडी फळ्या खालचे सूर शोषतात. आणि त्या सगळ्यात खच्चून भरलेली माणसं.

होप बॅगेनल हा इंग्रज ध्वनितज्ज्ञ, पुढे लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या ध्वनिरचनेवर काम केलेला, त्याने १९३० साली एका लेखात याचा धागा थेट बाखपर्यंत नेला. लूथरपंथी चर्चमध्ये लाकडी सज्जे आले म्हणून निनाद कमी झाला, निनाद कमी झाला म्हणून बाखला इतक्या वेगाने स्वरसंगती बदलता आल्या आणि इतक्या ओळी एकदम चालवता आल्या, असं त्याचं म्हणणं. बाखची प्रतिभा लाकडातून उगवली असं कुणी म्हणणार नाही. पण दर रविवारी ज्या जागेत आपलं काम कानावर पडतं त्या जागेकडून लिहिणारा शिकत जातो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रवचन कळावं म्हणून केलेली सोय संगीताच्या कामी आली.

याच चर्चमध्ये ११ एप्रिल १७२७ च्या गुड फ्रायडेला बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, म्हणजे येशूच्या यातनांची आणि मृत्यूची संगीतकथा, पहिल्यांदा गायलं गेलं असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. दोन कॉयर, दोन वाद्यवृंद, एक विचारतो आणि दुसरा उत्तर देतो. पश्चिमेकडच्या उंच सज्जावर हे सगळे, खाली बसलेल्या लोकांच्या पाठीमागे. गायक किती होते यावर मोठा वाद आहे. २३ ऑगस्ट १७३० च्या निवेदनात बाखने नगरपालिकेला कळवलं होतं की प्रत्येक कॉयरला किमान १२ गायक हवेत, १६ असले तर उत्तम. १९८१ मध्ये जोशुआ रिफकिन या अमेरिकन संगीततज्ज्ञाने, उरलेल्या हस्तलिखित प्रतींच्या आधारे, प्रत्यक्षात बहुतेक वेळा एका ओळीला एकच गायक असे, असं मांडलं. तज्ज्ञ अजून भांडतात. माझ्या कानाला मात्र एक पटतं. एका ओळीला एक-दोनच आवाज असले की शब्द धारदार राहतो आणि निनादाला चघळायला कमी मिळतं.

आज लाइपझिगला गेलात तर बाखचं थोमासकिर्शं दिसणार नाही. १८८४ ते १८८९ या काळात आतला भाग नव-गॉथिक पद्धतीने नव्याने केला आणि बाखच्या, म्हणजे बरोक काळातली बरीचशी सजावट गेली. म्हणजे ‘बाखच्या स्वतःच्या चर्चमधलं रेकॉर्डिंग’ असं कव्हरवर छापलेलं असलं तरी भिंती त्याच आणि आवाज दुसरा.

सगळीकडे असं नव्हतं

व्हेनिसचं सेंट मार्क्स चर्च याच्या अगदी उलट. पाच घुमट, संगमरवर, सोनेरी मोझेइक, शोषायला जवळजवळ काही नाही. तिथे जोव्हान्नी गाब्रिएली या संगीतकाराने लिहिलेलं संगीत पाहिलं तर स्वरसंगती सावकाश बदलतात, गायक-वादकांचे गट वेगवेगळ्या जागांवरून आळीपाळीने बोलतात, आणि मोठ्या सुरावटीनंतर तो मुद्दाम थांबतो, म्हणजे ती शेपूट ऐकू यावी. २००७ साली डेबोरा हॉवर्ड आणि लॉरा मोरेत्ती या दोन अभ्यासकांनी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा कॉयर व्हेनिसच्या चर्चांमध्ये नेऊन ही जुनी गाणी जागेवरच गाऊन पाहिली. सेंट मार्क्समध्ये वेदीजवळच्या भागात, जिथे डोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख बसे, गुंतागुंतीच्या ओळीही सुट्या ऐकू आल्या, आणि मागे सभामंडपात त्याच ओळींचा लगदा झाला. अर्थात हे संगीत कुणाच्या कानासाठी होतं तेही कळलं.

हे वारं गोव्यापर्यंत आलं होतं. सतराव्या शतकात जुझेप्पे दि सांता मारिया या इटालियन कार्मेलाइट पाद्रीने जुन्या गोव्याच्या बॉम जेझस चर्चमध्ये सात कॉयरांचं गाणं ऐकलं आणि आपण रोममध्येच आहोत असं त्याला वाटलं. ती रचना रोमच्या कारिस्सिमी या संगीतकाराची असल्याचं त्याला सांगण्यात आलं. बॉम जेझसच्या जांभ्या दगडाच्या भिंतींत मी उभी राहते तेव्हा हे सात कॉयर कुठे कुठे उभे केले असतील याचा अंदाज बांधत बसते.

गाणाऱ्याने काय करायचं

लोकांना वाटतं घुमणाऱ्या जागेत सावकाश गायलं की झालं. थोडं सावकाश घ्यावं लागतं हे खरं, पण फार सावकाश घेतलं तर श्वास पुरत नाही आणि नाचरेपणा मरतो. आमच्या संचालिका वेग कमी करण्याआधी स्वरांची लांबी कमी करत. लिहिलेला स्वर एक मात्रेचा असेल तर पाऊण मात्रा गा, उरलेली पाव चर्च गाईल. ऑर्गनवाले आणि चेलोवालेही तसंच, दर दोन स्वरांत केसाएवढी फट ठेवून वाजवत.

दुसरं व्यंजनांचं. स्वर घुमतात, व्यंजनं घुमत नाहीत, म्हणून शब्द कळतो तो व्यंजनांवर. ‘निष्ट्स’मध्ये ‘नि’ एवढासा आणि मागे तीन व्यंजनं. आम्हाला ‘न’ ठोक्याच्या आधी धरायला लावलं, म्हणजे ‘इ’ बरोबर ठोक्यावर पडेल, आणि शेवटचा ‘ट्स’ सगळ्यांनी एकाच क्षणी, मेणबत्ती विझवल्यासारखा. तीस जणांनी तीस वेळांना ‘ट्स’ केला तर वाळू सांडल्यासारखा आवाज येतो. त्या एका ‘ट्स’वर आम्ही अर्धा तास घालवला आहे.

तिसरं, हाताकडे बघा, कानावर विसंबू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन कॉयर २५ मीटर अंतरावर असतील तर पलीकडचा ठोका सुमारे सात शतांश सेकंद उशिरा पोचतो. ते ऐकून गायलात की तुम्ही तितकेच मागे पडता, आणि तुमचं ऐकून ते आणखी मागे.

माइक कुठे ठेवायचा

आता रेकॉर्डिंग. माणसाला दोन कान आहेत आणि मागे मेंदू आहे. चर्चमध्ये विसाव्या बाकावर बसूनही आपण समोरच्या गायकाचा थेट आवाज आणि भिंतींवरून आलेला आवाज नकळत वेगळे करतो, एकाकडे लक्ष देतो आणि दुसऱ्याला मागे ठेवतो. माइकला हे येत नाही. तो सगळं सारखंच घेतो. म्हणून आपण बसतो तिथेच माइक ठेवला तर रेकॉर्डिंग विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटतं.

प्रत्येक जागेत गायकापासून एक अंतर असं असतं जिथे थेट आवाज आणि निनाद समसमान होतात. मघाच्या १०,००० घनमीटरच्या रिकाम्या चर्चमध्ये हे अंतर निघतं जेमतेम अडीच-तीन मीटर. त्यापलीकडे सगळीकडे निनादाचंच राज्य. साउंड इंजिनिअरची सगळी कसरत या रेषेच्या आसपास चालते. फार पुढे आलात तर पहिल्या रांगेतल्या दोघी सुट्या ऐकू येतात आणि कॉयर राहत नाही, फार मागे गेलात तर शब्द जातात. आमच्या इंजिनिअरने मुख्य माइक उंच स्टँडवर, संचालिकांच्या डोक्यावरून आमच्याकडे रोखून लावले होते, आणि रात्रभरात ते तीन वेळा हातभर पुढे-मागे केले. हातभर! पण हेडफोनवर ऐकलं तर इमारत बदलल्यासारखं वाटायचं. चर्चची हवा हवी म्हणून दोन माइक दूर मागे होते, ते नंतर चवीपुरते मिसळायचे.

बाकांवर आम्ही घरून आणलेल्या गोधड्या आणि ब्लँकेट्स अंथरली. सेबिनच्या गाद्याच त्या. न आलेल्या श्रोत्यांची जागा कापडाने भरायची. त्याने फरक पडला, पण बेसला नाही. कापड वरचे सूर खातं, खालच्यांना फारसं हात लावत नाही.

थंडीचाही त्रास होताच. तापमान एक अंश उतरलं की ऑर्गनच्या नळ्यांचा सूर अर्धस्वराच्या सुमारे तीन शतांश उतरतो. हीटिंग बंद केल्यापासून मध्यरात्रीपर्यंत सात-आठ अंश गेले, म्हणजे जवळजवळ पाव अर्धस्वर. चेलो पुन्हा लावता येतो, पण सुरुवातीचा टेक बाराच्या टेकला जोडायचा कसा? जोडणीचं आणखी एक गुपित तेव्हा कळलं. चूक झालेल्या मात्रेपासून पुन्हा गाऊन चालत नाही. चार-पाच मात्रा आधीपासून गावं लागतं, म्हणजे जोडाच्या जागी पोचेपर्यंत चर्च मागच्या सुरांनी भरलेलं असेल. नाहीतर सांध्यावर निनाद एकदम कापला जातो आणि ते अडाण्यालाही कळतं. शेवटच्या स्वरानंतरही सात-आठ सेकंद कुणी हलायचं नाही, पापणीसुद्धा नाही. आमचा सगळ्यात चांगला टेक अशाच शेपटीत, मनोऱ्यावरच्या घड्याळाने साडेअकराचा टोल दिल्यामुळे गेला. टोल एक रात्र बंद ठेवायची विनंती आम्ही केली होती, ती कुणी मनावर घेतली नव्हती. मला अजून वाईट वाटतं.

हे सगळं स्वतः ऐकायचं तर दोन मोठी कामं शेजारी ठेवा. जॉन इलियट गार्डिनर या इंग्रज संचालकाने २००० साली वर्षभर बाखचे धार्मिक कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचना, गावोगावच्या चर्चमध्ये लोकांसमोर गाऊन रेकॉर्ड केले. दर आठवड्याला जागा वेगळी, समोर माणसं, खोकलेसुद्धा. मासाआकी सुझुकीच्या बाख कोलेगियम जपान या गायक-वादकांच्या संचाने तेच कँटाटा १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं कोबेच्या एकाच चॅपलमध्ये, सवडीने रेकॉर्ड केले. सुझुकीचे गायक त्या चॅपलला घरासारखे ओळखतात, कुठला शब्द किती टोकदार म्हटला म्हणजे मागे पोचेल ते त्यांच्या अंगात मुरलंय. स्वच्छतेत त्यांचा हात धरता येणार नाही. तरी गार्डिनरच्या काही कँटाटांत, लोक दाटीवाटीने बसलेल्या चर्चमध्ये, शब्द जसा अंगावर येतो तसा मला दुसरीकडे मिळत नाही. चांगल्या हेडफोनवर एकच कँटाटा दोन्हींतून ऐका, आणि सुरांपेक्षा विरामांकडे लक्ष द्या.

आमचा कार्यक्रम रेकॉर्डिंगनंतर दोन आठवड्यांनी, रविवारी संध्याकाळी झाला. बाहेर पाऊस होता. लोक ओले लोकरीचे कोट घालूनच बाकांवर बसले, मागे काही जण उभे होते. दुसरा भाग आला. ‘निष्ट्स’, आणि हात थांबला. ‘ट्स’ पुढे गेला, वर गेला, आणि खाली आलाच नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी धरलेला श्वास मला ऐकू आला. मग आम्ही दुसरा ‘निष्ट्स’ म्हटला, हळू.